योग्य ती कृती

हेल्वे रुजू झाली तेव्हा पंप तयार होता.
म्हणजे आम्ही तसं म्हणत होतो.
"आता फक्त पुस्तिका," उर्मास म्हणाला,
आणि तो "फक्त" टेबलावर राहिला
कॉफीच्या कपाच्या वर्तुळासारखा,
कुणी पुसला नाही.

तार्तूत, जुन्या छापखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर
नदीकडच्या खिडक्या अभियंत्यांनी आधीच वाटून घेतलेल्या.
तिला मिळाली प्रिंटरशेजारची जागा.
दुसऱ्याच दिवशी ती माझ्यापुढे उभी,
हातात रबरी मोजे, एकावर एक दोन जोड्या.
"हे झाकण उघडत नाही."
"मोजे काढा," मी म्हणालो.
"रात्रपाळीच्या परिचारिका काढत नाहीत. विचारून आले."

मी लिहून दिलं होतं, तिसऱ्या इशाऱ्याखाली:
बिघाड झाल्यास योग्य ती कृती करावी.
कागद परत आला. हिरवी शाई.
योग्य म्हणजे कोणती? कुणी? किती वेळात?

उत्तर द्यायला पेन उघडलं, आणि तसंच धरून बसलो.
उर्मासकडे गेलो. उर्मास काल्यूकडे.
काल्यूने खिडकीबाहेर पाहिलं,
नदीतून बर्फाचे तुकडे चालले होते, सावकाश, रांगेशिवाय.
ठरवलंच नव्हतं कुणी.
पाच वर्षं आमचं न ठरवणं
त्या पांढऱ्या डब्यात बसून होतं,
स्क्रू घट्ट आवळून,
वर आमचंच बोधचिन्ह.

दोन आठवडे गेले ते ठरवण्यात.
वरच्यांना उर्मासने सांगितलं,
"पुस्तिकेमुळे उशीर झाला."
मी तिथेच होतो.
माझ्या बुटांची नाडी सुटलेली नव्हती
तरी मी वाकून बांधली.

पंप बाजारात गेला त्या दिवशी
वेलदोड्याचा गोड पाव आला, माणसं बारा, बश्या अकरा.
"मला खोक्याचं झाकण चालेल," हेल्वे म्हणाली,
आणि खरंच झाकणावर घेऊन खाल्लं.

आमच्या भाषेत भविष्यकाळ नाही.
होणार, करणार, येणार, असं काही क्रियापदाला जोडताच येत नाही.
तरी आम्ही सगळे तिथेच राहायला:
पुढच्या आवृत्तीत, नंतर, बघू.
तिच्या पानांत मात्र सगळं आत्ता.
नळी जोडता. दिवा हिरवा होतो.
होत नसेल तर नळी काढता, पान चौदा.
रात्रीचे तीन वाजलेले असतात त्या पानावर,
आणि कुणीतरी जागं असतं.

फेब्रुवारीत पुलावर घसरली. उजवं मनगट.
सहा आठवडे.
लिहू की आपणच, म्हणालो, आपल्याच हातचं यंत्र.
एक पान. चार दिवस. सातजण.
काल्यूने पहिलं वाक्य लिहिलं: हे अगदी सोपे आहे.
त्याखाली अडीच परिच्छेद.
माझ्या बोटांतून पुन्हा तेच उतरलं, योग्य ती,
आणि मी थांबलो,
प्रिंटरकडे पाहिलं. खुर्ची रिकामी.
घरी मुलाला सांगत होतो,
"चुलीत लाकडं नीट रच."
नीट म्हणजे कशी, त्याने विचारलं नाही.
मीच विचारलं.

ती आली त्या सोमवारी, हात गळ्यात,
प्लास्टरवर भाचीने काढलेला कोल्हा.
उर्मास कागद घेऊन गेला तिच्याकडे.
नव्या पंपाचं चित्र, नुसतं पेन्सिलीचं,
एक चौकोन, दोन गोल.
"अजून काही केलेलं नाही," म्हणाला,
"म्हणून."
पुढे त्याला वाक्य सापडेना.

तिने डाव्या हाताने हिरवं पेन घेतलं.
पहिलीतल्या पोरासारखी, तिरकी अक्षरं:
कुणासाठी?

उर्मासने प्रिंटरवरचे कागद उचलून खाली ठेवले
आणि त्या जागेवर बसला.