कानामागून

कानामागून आला आणि तिखट झाला,
असं मी म्हटलं तेव्हा कुमुदिनी हसली नाही.
मिस्टर ओल्डरॉइडना मी त्याचा अर्थ सांगितला.
ते हसले, मग खुर्ची जवळ ओढून बसले.

छत्तीस वर्षं मी हल शहरात टेलिफोनच्या तारा जोडल्या,
फुटपाथखालच्या खड्ड्यात, गुडघ्याखाली पोतं घेऊन.
इथले फोनचे डबे लाल नाहीत, सायीच्या रंगाचे आहेत.
पाहुण्यांना मी ते दाखवायचो, जणू मीच रंगवलेत.

म्हणून मला चटकन कळलं
जेव्हा त्यांनी कागदावर एक रेघ ओढली
आणि म्हणाले, हा गाठ फोडून धावत सुटत नाही.
नसेच्या वेष्टनात शिरतो
आणि आतल्या आत, कवटीच्या दिशेनं चालू लागतो.

पावसाचं पाणी केबलमध्ये शिरायचं ते असंच.
कुठे शिरलं ते तिथे कळायचंच नाही.
तीन रस्ते सोडून एखाद्या म्हातारीचा फोन
खरखरायला लागला की कळायचं.

लाळेची गाठ काढली. नसेची खालची फांदी गेली.
मग तीस दिवस जाळीचा मुखवटा, टेबलाला खिळलेला.
आयुष्यात कुणापुढे लाळ घोटली नाही,
आता घोटू म्हटलं तर लाळच नाही.
आवंढा गिळायलासुद्धा बाटली जवळ लागते.

आणि ही एक गंमत:
लोणच्याची फोड तोंडात टाकली
की पाणी तोंडाला सुटत नाही,
डाव्या गालाला घाम फुटतो.
तुटलेली टोकं वाढता वाढता
भलत्याच जागी जाऊन जुळली, म्हणाले.
चुकीची जोडणी.
माझ्या हातून झाली असती तर
रात्रीच्या रात्री परत खड्ड्यात उतरवला असता मला.

दर सहा महिन्यांनी कॉटिंगहॅमला.
आधी बोटं, जबड्याखाली, मानेत, कानाच्या मागे,
थंड आणि सावकाश.
मग: भुवया वर करा. डोळे घट्ट मिटा.
गाल फुगवा. दात दाखवा.
एका टोकाला आवाज सोडायचा, दुसऱ्या टोकाला ऐकायचं,
हे काम मला येतं. फक्त आता खांबावर मी आहे.

मग छातीचा स्कॅन. कारण याला मानेची पायरी लागतेच असं नाही,
रक्तातून परस्पर फुफ्फुसात जातो.
उजवीकडे खाली एक ठिपका आहे. चार मिलिमीटर.
गेल्या खेपेलाही चारच.
त्याआधी साडेतीन, पण तेव्हाचे काप जाड होते,
त्यामुळे ते साडेतीन खरे धरायचे की नाही
यावर दोघा डॉक्टरांचं एकमत नाही.
काढायचा नाही. औषध नाही. बघत राहायचं.
कणीएवढ्या त्या गोष्टीला आम्ही घरात
काहीच नाव ठेवलेलं नाही.

पाच वर्षं झाली, सुटलो ना? मी विचारलं.
ते खिडकीबाहेर बघत म्हणाले,
इतरांचं पाच वर्षांनी ठरतं.
याला मी पंधराव्या वर्षी उठताना पाहिलंय.
मग म्हणाले, येत्या मार्चमध्ये मी निवृत्त होतोय.
तुमची फाइल नव्या बाईंकडे जाईल, चांगल्या आहेत.
मी त्यांचा हात हातात घेतला.
अर्धा चेहरा हसला. उरलेला अर्धा
कुमुदिनीला वाचता येतो, त्यांना येत असावा.

परतताना बस स्टॉपजवळ तो सायीच्या रंगाचा डबा.
आत शिरलो. पावसाळी वास, कुणाची तरी च्युइंगमची पुडी.
रिसीव्हर उचलून उजव्या कानाला लावला,
डावा अजून बधिर आहे.
सूर येत होता. एकसारखा.

काच ठोठावून तिनं विचारलं,
कुणाला लावताय?
कुणाला नाही, म्हटलं, लाइन चालू आहे का बघतोय.
ती म्हणाली, बस येतेय.