तिसरा दगड

सिबूहून निघताना तिनं तीनदा बॅग उघडली :
चार्जर, डासांचं मलम, ड्युटीचा तक्ता.
तक्ता कशाला, मी विचारलं.
असू दे, म्हणाली.
सलग अकरा रात्रपाळ्या झाल्या होत्या,
बोलताना वाक्याचं शेपूट हरवायचं तिचं,
चहात मीठ पडायचं
आणि आम्ही तो मुकाट्यानं प्यायचो.

लेमानाकच्या धक्क्यावर उंगांगची होडी.
पाणी उतरलेलं. दोनदा खाली उतरून
ढकलावी लागली, गोट्यांवरून खरखरत.
जेरोमची एक चप्पल वाहून गेली
आणि तो असा हसला,
जणू चप्पलच सुट्टीवर निघाली होती.
दोन्ही काठांची झाडं वर एकमेकांना टेकलेली,
हिरव्याचे इतके प्रकार
की मेलिंडानं मोजायला घेतले
आणि सत्तावीसवर सोडून दिले.

लांबच लांब घर. एकोणीस दारं, ओसरी एकच.
म्हातारे अकी तिथं जाळं विणत बसलेले.
किती दिवस?
चार.
चार दिवसांत काय करणार?
काही नाही, मी म्हणालो, आणि माझा मीच दचकलो.
अकींनी गाठ दातांनी आवळली.
अवघड आहे ते, म्हणाले. नीट करा.

दुसऱ्या सकाळी एन्सिया धुणं घेऊन खाली गेली.
कुणी सांगितलं होतं?
एक फ्रॉक धुतला, दुसरा पाण्यात धरला,
आणि सपाट, कोमट खडकावर
तशीच आडवी झाली.
फ्रॉकची एक बाही अजून प्रवाहात,
मासोळ्या तिला तोंड लावून बघत होत्या.

मेलिंडानं रानकेळीचं पान तोडलं,
आईच्या तोंडावर सावली धरली.
तिचा हात भरून आला की जेरोम,
जेरोमचा भरला की मी.
ऊन सरकलं तसे आम्ही सरकलो.
पोरं पोहली, पण पाय न आपटता.
खालून उंगांगची होडी घरघरत आली;
वळणावर त्यानं पाहिलं, यंत्र बंद केलं
आणि बांबू रोवत रोवत, चोरासारखा,
गॅसचा सिलिंडर, दोन बदकं आणि सासू घेऊन
पुढे निघून गेला.
सासूसुद्धा बोलली नाही.
नंतर कळलं, जन्मात पहिल्यांदाच.

बातमी ओसरीभर गेली असावी.
भात कांडणं थांबलं. कुणीतरी रेडिओ मिटला.
कोंबड्यांना मात्र कुणी सांगितलं नव्हतं.
आणि एक धनेश डोक्यावरून गेला,
पंखांनी भला मोठा श्वास टाकत;
मी त्याच्याकडे रागानं पाहिलं.

दुपारी बांबूच्या नळीतल्या कोंबडीचा वास,
आलं, गवती चहा, धूर,
काठापर्यंत उतरून आला.
ती हलली नाही.
मी तिच्या पोटाच्या वर-खाली होण्याकडे बघत होतो.
वॉर्डात तीही अशीच बघत असेल,
अनोळखी माणसांचे श्वास, मनगटावरचं घड्याळ धरून.
ती दिवसा झोपते तेव्हा मी वखारीत,
मी रात्री झोपतो तेव्हा ती वॉर्डात.
चौदा वर्षं झाली लग्नाला.
तिच्या भुवईत एक बारीक व्रण आहे,
मला माहीत नव्हता.
श्वास मोजले. चुकलो. पुन्हा पहिल्यापासून.

ऊन कलल्यावर जागी झाली.
गालावर खडकाची नक्षी.
किती वाजले?
घड्याळ कुणाकडेच नव्हतं.
वरच्या डोंगरात कुठंतरी पडून गेला असणार,
नदी किंचित गढूळ, किंचित जवळ आलेली.
जेरोमनं तिच्याकडे नीट पाहिलं
आणि सांगितलं :
तिसऱ्या दगडाला पाणी लागलंय, आई.

ती बराच वेळ त्या दगडाकडे बघत बसली.
मग एकदम : फ्रॉक?

फ्रॉक गेला होता
चपलेच्या मागोमाग,
वळणापलीकडे, समुद्राकडे,
रजेचा अर्ज न देता.