कुंभारीण

अल रम्सच्या खाडीत भरती लागायच्या आधी
खल्फान आला, पुतण्याच्या बोटीमागे आपली बोट बांधून.
"कोयंदी," म्हणाला.
एकवीस वर्षं झाली, कोयंडेतला ड
अजून त्याच्या जिभेवर बसत नाही.
"पुन्हा मेली."

पुन्हा, एवढाच शब्द माझ्यासाठी होता.
गेल्या जुम्म्याला मीच कार्ब्युरेटर उतरवला,
जेट साफ केले, तार न घालता, नुसते फुंकून
(जेटात तार घालतो तो मेकॅनिक नव्हे,
कान कोरणारा, वस्ताद म्हणायचा),
पंपाचा डायाफ्राम बदलला,
एकशे चाळीस दिरहम घेतले
आणि वर सांगितलं, आता जा खुशाल खसबपर्यंत.
ती खाडीच्या तोंडाशीच गप्प झाली.

पंचाहत्तर घोड्यांची यामाहा, टू-स्ट्रोक.
माझा थोरला तिच्याहून चार वर्षांनी लहान.
झाकणाचा रंग उन्हाने खाल्लाय,
पण प्लगच्या भोकावर अंगठा धरा,
अजून ढकलून देते.
इंजिन म्हातारं असलं की
सगळे त्यालाच बोल लावतात.
मीही लावला.

आज हत्यारांची पेटी उघडलीच नाही.
बोटीत बसलो. तो सुकाणूवर,
मी मागे, रबरी बल्ब मुठीत धरून.
एक मिनिट, तीन, पाच. झकास.
सातव्याला आवाज बारीक झाला,
पेल्यातलं संपल्यावरही
कुणी नळी चोखत राहावं तसा,
आणि मुठीतला बल्ब चपटा.
पिळलेल्या लिंबाची साल.
दाबू म्हटलं तर दाबायला काही नाही.

ऑगस्टमधलं पाणी, तेलासारखं जड.
वारा नाही. कानात आवाज उरलेला.
खल्फान म्हणाला, "पंधरा मिनिटं थांबलं की होते चालू."
"हे त्या दिवशी का नाही सांगितलंस?"
"तू विचारलंस कुठे?"

मग माझा लाल डबा जोडला, पाच गॅलनचा.
वीस मिनिटं पूर्ण पट्टी, सरळ,
बगळे उठवत.
इंजिन निर्दोष सुटलं.
मी थोडा ओशाळलो, खरं सांगायचं तर
त्याच्यापुढे कमी, तिच्यापुढे जास्त.

टाकीचं झाकण फिरवलं
आणि ऐकू आलं: सूऽऽ, बारीक,
बाहेर नव्हे, आत जाणारं.
इतके दिवस ती हवा मागत होती,
आम्ही तिला पेट्रोल तपासून दाखवत होतो.

हवेची नळी कडेला, फळीखाली,
बांगडीच्या भोकाहून लहान तिचं तोंड.
त्यात माती.
साधी माती नव्हे, लिंपलेली,
गोळी गोळी आणून, थुंकीने मळून,
वरून बोट फिरवल्यासारखी गुळगुळीत.
दोन महिने बोट ट्रॉलीवर होती,
तेवढ्यात संसार मांडला बाईने.

कुंभारीण!
मोठ्याने म्हणालो, मराठीत.
देवगडला आमच्या पडवीच्या वाशाला असायची.
केरसुणी उगारली की आई ओरडे,
"मोडू नको रे! घरात कोणाक तरी
दिवस गेले असतले."

खल्फानला सांगितलं, अर्धं अरबी, अर्धं हाताने पोट दाखवून.
त्याने गंभीरपणे बोटं मोजली.
"घरात मी," म्हणाला, "आणि टीव्ही."
मग बोट हलेपर्यंत हसला.

एकशे चाळीस परत करू लागलो.
त्याने नोटा माझ्याच खिशात कोंबल्या:
"जुना डायाफ्राम जुनाच होता."
नळीला जाळी बसवली, तांब्याची.
घरटं स्क्रू-ड्रायव्हरने सोडवलं, अख्खं,
आत काहीतरी होतं, हलकं, कोळ्यांच्या गठ्ठ्यावर झोपलेलं.
प्लगच्या रिकाम्या खोक्यात ठेवलं फळीवर,
भोक उजेडाकडे करून.

रात्री घरी फोन केला.
काही विचारलं नाही.
फक्त "बाकी काय?" असं
तीनदा म्हणालो.