सात शेंगदाणे

बेंडकोळी सरांनी समुद्र दोनदाच पाहिला होता,
एकदा स्पर्धेला पोरं घेऊन, एकदा मेहुणीच्या लग्नात.
बाकी सगळं आयुष्य गंगापूर धरणावर,
जिथलं पाणी नाशिकच्या नळांना जातं
आणि मे महिन्यात इतकं उतरतं
की मागच्या वर्षी हरवलेली चप्पल सापडते.

मदतनीस म्हणून पहिल्यांदा गेले तेव्हा
मी वही नेली होती.
म्हणाले, वही भिजेल.
मग डब्यातून शेंगदाणे काढले,
मोजून सात, डाव्या मुठीत.
सात होड्या पाण्यात, सात दाणे हातात.
होडी काठाला लागली की एक दाणा तोंडात.
"भूक लागली म्हणून आधी खायचा नाही."
वहीत लिहिण्यासारखं एवढंच.

पोरं विचारायची, सर, वारा कुठून येतोय?
मला काय विचारता, कानांना विचारा.
मग पोरं मान वळवत राहायची
दोन्ही कानांत सारखाच आवाज येईपर्यंत,
आणि एखादं, नाक बरोबर अंजनेरीकडे करून, थांबायचं.
शाबासकी नाही.
सर तोवर कुठली तरी गाठ सोडवत बसलेले.

पालकांना ते फारसे आवडत नसत.
कॉलेज रोडवरून आलेल्या एका आईनं
गाडीची काच खाली करून विचारलं,
"तुम्ही शिकवत तर काहीच नाही, नुसते बसून असता."
"हो ना," सर म्हणाले, "फार अवघड जातं."

त्या दिवशी चारच्या सुमाराला
त्र्यंबकच्या अंगानं वारा सुटला.
पाण्यावरून काळा पट्टा सरकत आला.
सहा होड्यांनी शीड सैल सोडलं.
सातवी अन्विता पेखळेची, वय अकरा,
दोर मुठीला गुंडाळायची खोड काही केल्या न जाणारी.
शीड पाण्यावर आडवं झालं
आणि क्षणभर तिथं कुणीच नव्हतं.

मी इंजिनाची दोरी धरली.
सरांनी माझ्या मनगटावर हात ठेवला,
उजवा. दाबला नाही, नुसता ठेवला.
"डोकं दिसलं का?"
दिसलं. लाल जॅकेट, कपाळाला चिकटलेले केस.
"हात मोकळे?"
मोकळे.
"मग थांब."

थांबले. रागानं थांबले.
ती होडीला वळसा घालून गेली, फळी धरली,
घसरली, पुन्हा धरली,
पाण्याला एक अस्सल गावठी शिवी हासडली,
गुडघा टेकवला, मग दुसरा,
मग फळीवर उभी, सगळं अंग मागं टाकून.
डोलकाठी निघेना.
निघेना.
मग निघाली, शिडातून धो धो पाणी सांडत,
आणि ती आत पडली, पोतं पडावं तशी.

काठावर आली तेव्हा ओठ निळे.
"सर, पाहिलंत ना तुम्ही?"
"काय? मी तिकडं बगळे बघत होतो."
ती इतकी चिडली की कुडकुडायचं विसरली.
पहिल्यापासून सगळं सांगायला लागली,
दोर कुठं गुंडाळला होता तेसुद्धा.
सर ऐकत होते, जणू पहिल्यांदाच.

गाड्या गेल्यावर मी म्हटलं, मूठ उघडा.
सातव्या दाण्याचं सालासकट पीठ झालेलं,
तळहाताच्या रेघांत गच्च बसलेलं.
त्यांनी ते तसंच चाटून खाल्लं.
"आली ना होडी," म्हणाले.

या वर्षी डबा माझ्याकडे आहे.
गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सर काठावर,
प्लास्टिकच्या खुर्चीत, कानटोपी घालून.
मी अजून चुकते.
आजच चौथ्या होडीला ओरडून सांगितलं, सुकाणू ढकल!
त्या पोरानं ढकललं
आणि मग माझ्याकडेच बघत राहिला,
वाऱ्याकडे नाही.
खुर्चीतून काही आवाज आला नाही.

नऊ होड्या आहेत आता.
माझी मूठ लहान पडते.