येथून जवळच

डबा निळा, डबा रुपेरी, दोन नंबरचा ब्रश,
आणि गांधीलमाश्यांसाठी एक फवारा.
पाटीच्या पाठीमागे त्यांचं पोळं असतंच दरवर्षी;
इतिहासाच्या आसपास वस्ती म्हणाल तर तेवढीच.

रस्ते खात्याने माझ्या नावावर एकेचाळीस पाट्या लावल्यात.
नेब्रास्काच्या या कोपऱ्यात जिथे जिथे काही घडलं,
किंवा घडलं असं कुणी शपथेवर सांगितलं,
तिथे खांबावर एक ओतीव पत्रा.
उन्हाने अक्षरं विटतात. पोरं पिकपमधून नेम धरतात.
गेल्या वर्षी 'संस्थापक'मधून गोळी आरपार गेली.
मी भोक बुजवलं, वरून हात मारला,
संस्थापकाला पत्ताही लागला नाही.

व्हर्लिन ओस्ट्राइकने रंग कालवायच्याही आधी
एक शब्द शिकवला: 'जवळच'.
"येथून जवळच, म्हणजे इथे नाही," तो म्हणायचा.
"खरी जागा हॅरल्डच्या सोयाबीनमध्ये आहे,
आणि हॅरल्ड गाड्या उभ्या करू देत नाही."

तेवीस नंबरची पाटी लोवेना गावची.
लोवेना आता नाही, पाटी आहे.
येथून जवळच, मार्च १८८९मध्ये, भर हिमवादळात,
डॅनफर्डच्या अकरा जणांनी जिल्ह्याचं दफ्तर चोरून नेलं:
जमिनीचे उतारे, लग्नांच्या नोंदी, लोखंडी तिजोरी.
दफ्तर ज्याच्याकडे, कचेरी त्याची.

सहा मैलांवर चोवीस नंबर, डॅनफर्डची.
तेच अकरा जण, तेच हिमवादळ,
फक्त क्रियापद बदललंय: दफ्तर 'परत आणलं'.
मी सकाळी चोरते, दुपारी परत आणते,
डबा तोच.
पुढे रेल्वे दोन्ही गावांना वळसा घालून गेली,
ते कुठल्याच पाटीवर नाही.
ओतशाळा अक्षरामागे पैसे घेते.

तेवीस नंबरला आल्विन राइमके घडीची खुर्ची घेऊन येतो.
"हिमवादळ नव्हतं," दर वेळी नव्याने सांगतो.
"बर्फ केव्हाच वितळलेलं. चिखल होता, गुडघाभर.
तिजोरीच्या गाडीला माझ्या आजोबांची घोडी होती,
ब्रूना. ओढ्यापाशी रुतली.
पहाटेपर्यंत अकरा पुरुष तिजोरी काढत होते.
तिजोरी निघाली."
इथे तो थांबतो. थर्मासच्या झाकणात कॉफी ओततो,
पहिला घोट मला.
मी पुढचं विचारत नाही. पहिल्या वर्षी विचारलं होतं.

त्याने समितीला तीन पत्रं लिहिली.
समिती म्हणाली, हिमवादळ वर्तमानपत्रात छापून आलंय.
वर्तमानपत्र डॅनफर्डचं.
संपादक त्या अकरांतला.
आता त्याचं तरी काय चुकलं?
हिमवादळात अकरा माणसं शूर दिसतात,
चिखलात नुसती चिखलात दिसतात.

या वर्षी आल्विन नाही. कमरेचं हाड मोडलंय,
लिंकनला मुलीकडे असतो; फोनवर म्हणाला,
"पाटी बदलली का गं?"
मी म्हटलं, "रंगवतेय."

'हिमवादळ' अर्धं भरून झालं होतं
तेवढ्यात आयोवाची एक गाडी थांबली.
बापाने पाटी मोठ्याने वाचली, आईने फोटो काढला,
धाकटीला कधीची लघवीला लागलेली.
"नेमकं कुठे झालं हे?"
मी ब्रशने ओढ्याकडे दाखवलं.
"जवळच."

आदल्या रात्री पाऊस होऊन गेलेला.
हॅरल्डच्या तारेखालून तिघं वाकून गेली,
बऱ्याच वेळाने आली:
बापाचा एक बूट पायात, एक हातात,
धाकटी पोटऱ्यांपर्यंत काळी, आणि खूश.
"तिथे काहीच नाहीये हो," बाप म्हणाला, "नुसता..."
आणि स्वतःच्या पायांकडे बघत राहिला.

मी त्याला फडकं दिलं.