तोंडची वाफ

देनिझलीच्या टॉवेल गिरणीत
पोस्टर लिहायचं काम माझ्याकडे होतं.
'थेंब वाचवा.' 'दिवा विझवा.' 'पृथ्वी आपली आई.'
हिरव्या शाईत, कोपऱ्यात एक पान काढून.
रंगखात्याच्या दमटपणात ती आठवड्यात पोपडे धरत
आणि शेवकेत त्यांच्या पाठीवर
चहाची उधारी मांडून ठेवी.

वर्षभर तोंडची वाफ दवडली मी.
बरं, शाईची म्हणा.

मग नव्या व्यवस्थापक आल्या, फेरिदे हानम.
पहिल्याच सोमवारी भिंती कोऱ्या केल्या.
(मला लागलं ते. पानं चांगली जमली होती.)
म्हणाल्या, वही घे, चल.

बॉयलरपाशी याकूप उस्ता बसलेला,
गुडघ्यावर रुमाल, रुमालात तिळाचं कडं.
त्याला विचारलं,
इथे तुम्हाला काय खटकतं?

घास गिळायला त्याने वेळ घेतला.
एकोणीस वर्षांत विचारलं गेलं होतं ते एवढंच :
दाब किती, उशीर का, चूक कुणाची.
मग त्याने ओठांचा चंबू केला
आणि शीळ घातली,
बारीक, जराशी बेसूर.

ही, म्हणाला. तीन नंबरच्या मागे.
धाकटी जन्मली नव्हती, तेव्हापासून वाजतेय.

मला काही म्हणजे काही ऐकू येईना
त्या खडखडाटात.
त्याने मागच्या बोळात नेलं, बोट दाखवलं,
आणि माझा चष्मा
एका क्षणात पांढरा झाला.

एक वायसर. दहा मिनिटं.
तेवढ्यासाठी शाळेत जायला लागलेली मुलगी.

आता यंत्रायंत्राला सुतळीने वही बांधलीय.
ज्याला दिसलं त्याने लिहायचं,
ज्याने लिहिलं त्याने सांगायचं, बंद करा,
सही कुणाची लागत नाही.
नाझमिये शिवणखात्यातून निघताना
दोन्ही हातांत टॉवेलांची चळत
आणि कोपराने दिवा मालवते,
कुणी पाहतंय का, हे न पाहता.
हे मी कुठल्याच पोस्टरवर लिहिलं नव्हतं.

इस्तंबूलहून साहेब आले, प्रमाणपत्र आलं,
उस्ताला उसना कोट घालून फोटोत उभं केलं
आणि एक मग दिला, माझंच पान छापलेला.
तो त्यात स्क्रू ठेवतो.

शेवकेतने मात्र वहीत लिहिलं :
वाचलेला कोळसा कुणाच्या खिशात जातो?
फेरिदे हानमनी ते वाचलं,
पान फाडलं नाही.
बाकीच्या ओळींपुढे टिकमार्क आहेत.
त्या ओळीपुढे अजून नाही.
रोज सकाळी मी आधी तेच पान उघडते.

आणि उस्ता?
त्याला करमत नाही म्हणे.
तीन नंबर फारच गप्प झालंय.
जानेवारीत पहाटपाळीला
तो मागच्या दाराशी उभा असतो,
हात काखेत, टेकडीकडे तोंड,
तीच शीळ घालत, तशीच बेसूर,
आणि ओठांपुढे
थोडीशी पांढरी वाफ.