साडेसात नाणी

मारियाम्पोलेच्या गाडीबाजारात
मला ऊन नको असतं.
ऊन बॉनेटवर असं नाचतं
की खालचा पोचा दिसेनासा होतो.
मला हवं मळभ,
शेशुपे नदीवरून सरकत आलेलं,
कुणाचीच बाजू न घेणारं.

आणि गाडी कोरडी हवी.
ओल्या गाडीवर विश्वास टाकू नये,
पाणी चरे बुजवतं
वाळेपर्यंत.
रिमगाउदास, माझा मालक, बादली घेऊन येतो,
म्हणतो, फोटोपुरतं मारतो पाणी,
झाकली मूठ सव्वा लाखाची.
मी म्हणते, मूठ असती तर झाकली असती.
ही गाडी आहे.
दार कुणीतरी उघडणारच.

मग गुडघे टेकते, अर्ध्या विरघळलेल्या बर्फात,
चाकाच्या कमानीत कॅमेरा खुपसते.
फ्लॅश.
गंज.
बारा हिवाळे रस्त्यांवर मीठ पडलं,
ते जाणार कुठे?
गंजाचा फोटो मी मन लावून काढते,
फोकस नीट,
पोपडा न् पोपडा मोजता यावा असा.
लोकांना वाटतं चांगला फोटो म्हणजे चांगलं दिसणं.
वाटू दे.

ओरखड्याशेजारी एक सेंटचं नाणं धरते.
कारण ‘किरकोळ’ हा शब्द
मी या बाजारात फार ऐकला आहे.
किरकोळ म्हणजे किती?
परवाचं किरकोळ
साडेसात नाणी भरलं.

गुरुवारी ब्रोन्यूस आला,
बायकोची फिकट हिरवी ओपल घेऊन.
सीटखाली अजून तिचे हातमोजे,
एकात एक घातलेले.
डाव्या दारावर तीन खरचट्या.
हा फाटकाचा खांब, तो म्हणाला.
हाही.
आणि हाही.
मागे वळून बघायला
तिची मान वळायची नाही शेवटी शेवटी.

मग म्हणाला, एवढ्यांचे नको काढूस.
किंमत पाड हवी तर.
पण परक्या माणसाने दार बघून
तिला हसायला नको.

माझ्या नियमांत याला उत्तर नव्हतं.
मी लेन्स पुसत राहिले, पुसलेलीच.
मळभ सरकत होतं, उजेड बरा होता,
रिमगाउदास लांबून खुणावत होता:
सोड, सोड.

शेवटी ब्रोन्यूसनेच खिशात हात घातला.
नाणं काढलं,
पहिल्या खरचटीशी धरलं,
घे म्हणाला.
दुसऱ्याशी.
तिसऱ्याशी हात जरा थरथरला,
बोट आलं फोटोत,
जाड, नखाखाली ग्रीस.
मी ते कापलं नाही.

तीन आठवड्यांनी खुजंदहून नुरिद्दीन आला,
विमान, मग बस,
बुटांवर दोन देशांचा चिखल.
माझ्याशी बोलला नाही.
फोन हातात धरून गाडीभोवती फिरला,
फोटो, मग पत्रा,
फोटो, मग पत्रा,
कमानीपाशी वाकला, आत हात घालून
गंज चाचपला,
बोटं हुंगली.
डाव्या दारापाशी बराच वेळ थांबला.

हे बोट कुणाचं?

मालकाचं, मी म्हटलं.
तिच्या नवऱ्याचं.

त्याने आपलं बोट त्या जागी ठेवलं,
काही क्षण,
आणि किल्ली मागितली.

चारशे युरो कमी आले.
रिमगाउदास दोन दिवस फुगून बसला,
माझ्या कॉफीत साखर घालायचं विसरला
मुद्दाम.
हातमोजे मी ब्रोन्यूसला पोचवले,
त्याने ते घेतले आणि
हवेबद्दल बोलत राहिला.

उद्या लख्ख ऊन पडणार म्हणतात.
उद्या सुट्टी.